दहापैकी किती?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मी कविता लिहितो, त्यामुळे मला कुठं बोलायला बोलावलं की कवितेवरच बोलावं लागतं. आज तशी सक्ती नाही. म्हणून मी ठरवलंय की ज्या विषयात मी आयुष्यातले सर्वांत जास्त तास घातले, त्या विषयावर बोलायचं. तो विषय म्हणजे टीव्ही. वाचलेल्या पुस्तकांचा हिशेब मी लोकांना अभिमानानं सांगतो. पाहिलेल्या मालिकांचा कधीच सांगितला नाही. पण तास मोजले तर पुस्तकं हरतील.

आमचं गाव इचलकरंजी. यंत्रमागाचं गाव. पाळी सुटली की माणसं घरी येतात ती कानात मागाचा खडखडाट घेऊनच. त्यामुळे आमच्याकडे टीव्हीचा आवाज जरा मोठाच असतो, पाहुण्यांनी राग मानू नये. आमच्या गल्लीत पहिला टीव्ही आला तेव्हा मी शाळेत होतो आणि दूरदर्शनवर जे लागेल ते सगळं आम्ही पाहायचो. ‘आमची माती आमची माणसं’मध्ये भातावरचा करपा आणि उसाची लागण पाहायचो. आमच्याकडे शेत नव्हतं, तरी पाहायचो. १९८५ साली सिद्धार्थ बसू यांचा ‘क्विझ टाइम’ सुरू झाला. प्रश्न इंग्रजीत, मुलं टायवाली. त्यातलं निम्मं आम्हाला कळत नसे. पण अब्बा तो कार्यक्रम चुकवू देत नसत. ते पाचवीपर्यंत शिकलेले. उत्तर ऐकलं की मान डोलवायचे, जणू त्यांनाही तेच म्हणायचं होतं.

मग ३ जुलै २००० ही तारीख आली. ती मला पाठ आहे, कारण त्या एकाच दिवशी एकाच वाहिनीवर दोन गोष्टी सुरू झाल्या: ‘कौन बनेगा करोडपती’ आणि ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’. आमच्या घराची त्या दिवसापासून वाटणी झाली. अम्मी मालिकेची, मी कशाचाच नाही, आणि माझी मोठी बहीण, आपा, करोडपतीची. आपाचं सासर गावातच, दोन गल्ल्या पलीकडं. पण त्यांच्याकडं तेव्हा केबल नव्हती. रात्री नऊच्या आत स्वयंपाक उरकून ती मुलाला घेऊन आमच्याकडं यायची.

मी कशाचाच नाही म्हणालो ते खोटं आहे. मी पाहायचो, पण नाकं मुरडत. तेव्हा माझा पहिला संग्रह नुकताच आला होता, आणि पहिला संग्रह आलेल्या माणसाला सगळं जग थोडं उथळ वाटत असतं. चार पर्याय देऊन ज्ञान मोजायचं ही काय पद्धत, असं मी म्हणायचो. आपा म्हणायची, ‘ज्ञान कोण मोजतंय? तू खेळ बघ.’

तिचं म्हणणं बरोबर होतं, हे कळायला मला फार वर्षं लागली. तो ज्ञानाचा कार्यक्रम नाहीच. तो थांबायचं कधी याचा कार्यक्रम आहे. मूळ कार्यक्रम इंग्लंडातला, १९९८ सालचा. त्याची रचना ज्यानं केली त्याला माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक असणार. तोंडी परीक्षेत उत्तर चुकलं तर शून्य मिळतं. इथं उत्तर चुकलं तर हातात आलेलं जातं. या दोन्हींत केवढा फरक आहे! आपल्याला न मिळालेल्या रुपयापेक्षा गेलेला रुपया जास्त टोचतो.

आठवत असेल तुम्हाला, पहिल्या पर्वात १५ प्रश्न होते. एक हजारापासून सुरुवात. पाचव्याला १०,००० आणि दहाव्याला ३,२०,००० हे दोन मुक्काम. तिथं पोचलं की त्याखाली घसरायचं नाही. मग ६,४०,०००, साडेबारा लाख, पंचवीस, पन्नास आणि एक कोटी. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे यांनी पहिल्यांदा तो कोटी जिंकला. तेव्हा ते स्पर्धा परीक्षेची तयारी करत होते. आमच्या गल्लीत त्या आठवड्यात सामान्यज्ञानाच्या पुस्तकांची साथच आली. पोरं रिक्षा थांब्यावर बसून एकमेकांना राजधान्या विचारायची.

आपानं पुस्तक आणलं नाही. ती खेळणाऱ्यांना बघत होती. कोण कुठं चुकतो ते तिच्या लक्षात राहायचं. ती म्हणायची, बायकांना लाइफलाइन वापरायची लाज वाटते आणि पुरुषांना घाई नसते. लाइफलाइन वाचवून ठेवतात आणि तशीच घेऊन घरी जातात. ‘घरी नेऊन काय लोणचं घालणार?’ हे तिचं वाक्य. तिची एक समजूत होती की फिफ्टी-फिफ्टी घ्यायच्या आधी आपल्याला कोणते दोन पर्याय वाटतात ते तोंडातून काढू नये, कारण मग नेमके तेच दोन उरतात. या समजुतीवर मी कधी वाद घातला नाही. पण बाकीच्या गोष्टींत ती जे सहज बोलून जायची त्यात बरंच तथ्य निघालं.

प्रेक्षकांना विचारायची सोय बघा. आपण म्हणतो, बसलेल्या लोकांना काय कळतंय. आता असं धरा की शंभर माणसं आहेत आणि त्यातल्या फक्त वीस जणांना उत्तर माहीत आहे. उरलेले ऐंशी अंदाजपंचे बटण दाबतात. अंदाज चारी पर्यायांत सारखा विखुरला तर प्रत्येकी वीस. म्हणजे बरोबर उत्तराला चाळीस आणि बाकीच्यांना वीस-वीस. शंभरातले ऐंशी अडाणी असूनही उत्तर बरोबर येतं! जेम्स सुरोविएकी या अमेरिकन लेखकानं २००४ साली गर्दीच्या शहाणपणावर एक पुस्तक लिहिलं, त्यात अमेरिकेतल्या कार्यक्रमाचे आकडे आहेत. फोनवरचे जाणकार मित्र जवळपास ६५ टक्के वेळा बरोबर निघाले आणि स्टुडिओतले प्रेक्षक ९१ टक्के वेळा. अर्थात प्रेक्षकांना बहुधा सुरुवातीचे, सोपे प्रश्न विचारले जातात आणि मित्राला अवघड, तेव्हा हा सामना तसा बरोबरीचा नाही. तरी फरक विचार करायला लावतो.

मात्र गर्दी एका ठिकाणी हमखास फसते. जिथं चुकीचं उत्तर बरोबर उत्तरापेक्षा जास्त प्रसिद्ध असतं तिथं. तिथं न येणारे विखुरत नाहीत. सगळे एकाच खड्ड्यात पडतात. आणि त्यात शिकलेली माणसंही पडतात. हे मी खात्रीनं सांगू शकतो, कारण मी पडलोय.

२००१ चा गणेशोत्सव. आमच्या शेजारच्या मंडळानं त्या वर्षी देखावा केला नाही. त्याऐवजी मंडपात करोडपती भरवला. त्या वर्षी गावोगावी अशी मंडळं असतील. आमच्याकडं सूत्रसंचालक होते एक प्राथमिक शिक्षक. हनुवटीला पांढरा कापूस चिकटवून, आवाज घशातून काढून बोलायचे. संगणक नव्हता, पण ‘कम्प्युटरजी’ होते. पडद्यामागं बसलेला एक पोरगा घंटा वाजवायचा. दहा प्रश्न. शंभरापासून सुरुवात, पाचव्याला एक हजाराचा मुक्काम, मग दोन हजार, तीन हजार, पाच हजार, सात हजार आणि शेवटी अकरा हजार. अकरा हजार म्हणजे तेव्हा आमच्या भागात लहान रक्कम नव्हती. मंडळाचे खजिनदार आमच्याच मोहल्ल्यातले. त्यांनी येऊन सांगितलं, वहिनींचं नाव टाकतोय. भाऊजींनी परवानगी द्यायच्या आधीच आपा हो म्हणाली होती.

तिला पिको-फॉलचं मशीन घ्यायचं होतं. ती साध्या मशीनवर ब्लाउज शिवायची. पण साडीला पिको करायला बायका दुसरीकडं जायच्या आणि मग ब्लाउजही तिकडंच टाकायच्या. एका ओळखीच्या माणसाकडं जुनं मशीन होतं. सात हजारांत ते येऊन वर थोडे पैसे उरले असते.

फोनवरचा मित्र म्हणून तिनं माझं नाव दिलं. घरात बी. ए. झालेला मी एकटा. मंडपात बसायला मला मनाई होती, म्हणून मी शेजारच्या वकीलसाहेबांच्या घरी त्यांच्या फोनपाशी जाऊन बसलो. मंडपाच्या शेजारच्या दुकानातून वायर ओढून मंचावर फोन आणला होता. भोंगा तर आमच्या गल्लीपर्यंत ऐकू यायचा, त्यामुळे मला सगळं कळत होतं. क्रिकेटचा एक प्रश्न तिनं प्रेक्षकांना विचारला. एका ठिकाणी फिफ्टी-फिफ्टी घेतली. सात हजार झाले तेव्हा टाळ्यांनी भोंगा फाटतो की काय असं झालं. बाहेर पावसाची भुरभुर होती आणि अर्धा मंडप खोकत होता. पुढच्याच महिन्यात तिकडं इंग्लंडमध्ये एका मेजरनं मूळ कार्यक्रमात खोकल्याच्या खुणांवर दहा लाख पौंड जिंकले आणि २००३ साली कोर्टात दोषी ठरला. ती बातमी वाचली तेव्हा मला आमचा मंडप आठवला. आमच्याकडं खोकला पुष्कळ होता, पण सगळा खरा.

मग फोन वाजला.

आपानं प्रश्न वाचला. ती भराभर वाचत नाही, अक्षर लावून वाचते. ‘अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्षा कोण? दुर्गा भागवत, कुसुमावती देशपांडे, शांता शेळके, इरावती कर्वे.’ एवढ्यात अर्धा वेळ गेला. मला हसू आलं. साहित्याचा प्रश्न, आणि तोही मला! आमच्याच गावात १९७४ साली संमेलन झालं, पु. ल. अध्यक्ष होते. माझ्या लहानपणी मोठी माणसं त्याच्या गोष्टी सांगायची. पुढचं कऱ्हाडचं, १९७५ चं, दुर्गाबाईंचं. आणीबाणीत, यशवंतराव चव्हाण समोर असताना, दुर्गाबाई लेखनस्वातंत्र्यावर बोलल्या, हे मराठीत दोन ओळी लिहिणाऱ्या कोणालाही माहीत असतं. मी म्हणालो, ‘दुर्गा भागवत.’

आपा म्हणाली, ‘मला दुसरं वाटतंय.’

मी म्हणालो, ‘नक्की. दुर्गा भागवत. नक्की.’

वेळ संपली. मी रिसीव्हर ठेवला आणि खिडकीशी गेलो. भोंग्यातून ‘पक्का?’ असं ऐकू आलं. मग आपाचा आवाज, ‘भावानं नक्की सांगितलंय.’ मग घंटा. आणि त्यानंतर मंडपभर ‘अरेरे’ झालं, ते मला भोंग्यातून आणि थेट असं दोन्हीकडून ऐकू आलं.

बरोबर उत्तर कुसुमावती देशपांडे. १९६१, ग्वाल्हेर. कऱ्हाडच्या चौदा वर्षं आधी. आणि यातलं सर्वांत लाजिरवाणं पुढंच आहे. कुसुमावतीबाई म्हणजे कवी अनिलांच्या पत्नी, आणि अनिल हे माझे आवडते कवी. त्या दोघांचा पत्रव्यवहार ‘कुसुमानिल’ या नावानं पुस्तकरूपात आलेला आहे आणि मी तो वाचलेला होता. अनिल स्वतः १९५८ ला मालवणच्या संमेलनाचे अध्यक्ष होते, हेही ठाऊक होतं. पण तीस सेकंदांत डोक्यात जे सर्वांत मोठ्यानं वाजतं तेच वर येतं.

सात हजारांवरून आपा एक हजारावर आली. ते तिनं मंचावरच खजिनदारांकडं परत दिले, म्हणाली मंडळाच्या प्रसादाला लावा. घरी येताना मी तिच्याबरोबर चालत होतो. काय बोलावं सुचेना. म्हणालो, ‘तुला कुसुमावती का वाटलं? तू वाचलं होतंस का?’ ती म्हणाली, ‘मी कुठं वाचणार? शेवटचा प्रश्न होता. अकरा हजारांचा. दुर्गाबाईंचं नाव मलासुद्धा माहीत आहे. मला माहीत असलेलं उत्तर शेवटच्या प्रश्नाला कशाला ठेवतील?’

श्रोतेहो, मी साहित्याच्या अंगानं विचार केला, तिनं प्रश्न काढणाऱ्याच्या अंगानं. पहिल्या चार-पाच प्रश्नांत ओळखीचं नाव हे बहुधा उत्तर असतं. शेवटच्या दोन-तीनांत तेच नाव आमिष म्हणून ठेवलेलं असू शकतं. हे तिला रोज रात्री नऊ वाजता नुसतं बघून कळलं होतं.

त्या वेळी भिंतीला टेकून सगळे कार्यक्रम पाहणारा तिचा मुलगा पुढं कोल्हापुरात संख्याशास्त्र शिकला. एकदा सुट्टीत आला असताना त्यानं वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. ‘मामू, बघा,’ म्हणाला, ‘सात हजार हातात होते. बरोबर आलं तर चार हजार वाढणार, चुकलं तर सहा हजार जाणार. म्हणजे निदान दहात सहा खात्री असेल तरच खेळायचं. त्याखाली असेल तर उठायचं.’ मग त्यानं खऱ्या कार्यक्रमाचा, पहिल्या पर्वाचा हिशेब केला. ३,२०,००० झाल्यावरचा अकरावा प्रश्न फुकटचा. चुकलं तरी मुक्काम हलत नाही, तेव्हा काहीच येत नसेल तरी उत्तर द्यायचंच. ६,४०,००० हातात असताना साडेबारा लाखांसाठी शंभरात चौतीस-पस्तीस खात्री पुरते. पुढच्या प्रश्नाला त्रेचाळीसच्या आसपास, त्याच्या पुढच्याला सत्तेचाळीस, आणि कोटीच्या प्रश्नाला अठ्ठेचाळीस. म्हणजे दोनच पर्याय उरले आणि नाणं उडवलं, तरी हिशेबानं खेळणं परवडतं.

आपा ऐकत होती. म्हणाली, ‘हिशेबानं परवडतं. पण पंचवीस लाख ज्याच्या हातात आयुष्यात एकदाच येणार, त्याला?’ पोरगा हसला. म्हणाला, अम्मी बोलते तेच डॅनिएल बर्नुली नावाच्या गणितीनं १७३८ साली मांडलंय. गरिबाचा रुपया आणि श्रीमंताचा रुपया सारखा नसतो. ज्याच्याकडं काही नाही त्याला पहिले पंचवीस लाख जेवढे मोठे, तेवढे पुढचे पंचवीस मोठे नाहीत. त्यामुळे त्याला नाण्याच्या भरवशावर खेळणं परवडत नाही.

म्हणूनच मला उठून जाणारी माणसं आवडतात. २०१९ साली अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे यांनी करोडपतीत एक कोटी जिंकले. त्या शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवायचं काम करायच्या. सगळे त्या कोटीबद्दल बोलतात. मला त्याच्या पुढचा क्षण जास्त आवडला. सात कोटींचा प्रश्न आला, आणि त्या थांबल्या. आमच्याकडं त्या वेळी टीव्हीसमोर सगळे ‘खेळा, खेळा’ ओरडत होते. आपा एकटी म्हणाली, ‘उठ बाई.’ आणि त्या उठल्या.

आता थोडी माझी वरवरची मतं, कारण प्रेक्षक म्हटला की मतं आलीच. करोडपती मराठीत २०१३ साली आला, तेव्हा सचिन खेडेकर प्रश्न विचारायचे. मला ते आवडले, कारण ते शेजारच्या घरातून आल्यासारखे बोलायचे. २०१९ ला नागराज मंजुळे आले. ते प्रश्नापेक्षा माणसाकडं जास्त वेळ बघायचे. कार्यक्रम संथ व्हायचा, पण मला चालायचं. न चालणारी गोष्ट म्हणजे स्पर्धकाच्या दुःखाची चित्रफीत. तुटकं घर, आजारी आई, मागं सारंगी. अरे, त्याला प्रश्न विचारा ना! गरीब माणूस तिथं उत्तरं द्यायला आलेला असतो. गाण्याच्या स्पर्धांत एसेमेसनं मतं मागायचे त्या दिवसांत तर आमच्या जिल्ह्याचा पोरगा असला की आम्ही गाणं न ऐकताच मत द्यायचो. त्यावर मी जास्त बोलत नाही, मीही त्यात होतो. ‘होम मिनिस्टर’ मात्र आमच्या अम्मीचा शेवटपर्यंत आवडता. पैठणी कुणालाही मिळो, आनंद अम्मीला.

आपानं पिकोचं मशीन अडीच वर्षांनी घेतलं, हप्त्यानं. मी दोन हप्ते भरतो म्हणालो तर घेतले नाहीत. त्या फोनचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. फक्त एक सवय लावून घेतली. मी काहीही ठामपणे सांगितलं की ती विचारते, ‘दहापैकी किती?’ मुलाला या कॉलेजात घाल म्हणालो, दहापैकी किती? हा डॉक्टर चांगला आहे, दहापैकी किती? भाचीसाठी एक स्थळ मी फार कौतुकानं सांगितलं होतं. तिनं विचारलं, मी प्रामाणिकपणे ‘पाच’ म्हणालो, आणि ते तिथंच राहिलं. आता घरातली सगळीच विचारतात. सुरुवातीला मला राग यायचा. मग मी कवितेतल्या एकेका ओळीपुढं पेन्सिलीनं आकडा लिहायला लागलो. बऱ्याच ओळी तीन-चारच्या निघाल्या आणि गेल्या.

मागं एका रात्री आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो. साहित्यावरचा प्रश्न आला. पडद्यावर चार नावं आली आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, ‘तिसरा पर्याय.’

आपानं सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, ‘किती?’

मी म्हणालो, ‘सात.’

‘मागच्या वेळी किती होते?’

मी जरा थांबलो. चोवीस वर्षं हा प्रश्न तिनं विचारला नव्हता. म्हणालो, ‘चार. फार तर पाच.’

‘हं,’ आपा म्हणाली, ‘मला आठ होते.’ आणि टीव्हीचा आवाज वाढवायला सांगितला.